क्योटो नगरीचा पाहुणा

जपानातील क्योटो शहरात उतरलेल्या परदेशी प्रवाशाचा दिवस आज पुष्कळदा ठरल्यासारखा जातो. सकाळी कियोमिझु मंदिराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या दुकानातून तो भाड्याने किमोनो घेतो. दुकानातील बाई तो त्याला नीट नेसवून देते. दुपारी चटईवर गुडघे मोडून बसून तो हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा पितो. कोठे फुलांची मांडणी शिकतो, कोठे कुंचल्याने दोन अक्षरे गिरवतो. सायंकाळी एखाद्या रंगगृहात नृत्य पाहतो, कोतो या तंतुवाद्याचे सूर ऐकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने टोकियोला निघून जातो. ज्या विद्या शिकण्यात क्योटोतील माणसे जन्म घालवितात, त्यांतील चार-पाच विद्यांशी त्याची एका दिवसात ओळख झालेली असते.

या प्रकाराविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही सारी करमणूक आहे. ज्या कलेला आयुष्य वाहावे लागते ती तासाभरात, ठरावीक शुल्क घेऊन चाखायला देणे म्हणजे तिची विटंबनाच होय. दुसरा पक्ष व्यवहार जाणणारा आहे. त्याचे म्हणणे असे की, पाहुणा आला नाही तर विणकराचा माग बंद पडेल, नृत्याची शाळा ओस पडेल, आणि मग शुद्धतेचा अभिमान बाळगायला परंपराच शिल्लक राहणार नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली दिसते. ती ही की, पाहुणा हा परंपरेच्या बाहेरचा मनुष्य आहे, आणि तो दाराशी येण्यापूर्वी परंपरा आपल्या जागी पूर्ण आणि अचल अशी उभी होती. क्योटोचा इतिहास पाहिला म्हणजे हे गृहीत टिकत नाही.

इ. स. ७९४ मध्ये येथे जपानची राजधानी वसली. पुढे राजसत्ता सरदारांच्या हाती गेली, तिची केंद्रे कामाकुराला आणि एडोला हलली. तरी सम्राटाचा वाडा क्योटोतच राहिला. हजारांहून अधिक वर्षे या नगरीतील विणकर, कुंभार, पंखे करणारे, लाखेची भांडी घडविणारे आणि मिठाई करणारे कारागीर राजवाडा, सरदार आणि मंदिरे यांच्या आश्रयावर जगत आले. १८६८ मध्ये मेइजी सम्राटाची राजवट सुरू झाली, एडोचे नाव टोकियो झाले, आणि १८६९ मध्ये सम्राट तेथे कायमचा राहावयास गेला. त्याच्या मागोमाग दरबारी घराणी गेली, अधिकारी गेले, आणि त्यांना माल पुरविणारे व्यापारीही गेले. क्योटोच्या कलांचे मोठे गिऱ्हाईक असे एकाएकी नाहीसे झाले. जुन्या राजधान्यांचे पुढे काय होते हे भारतीयांना सांगावयास नको. क्योटोही एक सुंदर उजाड गाव होऊन राहिले असते.

तसे झाले नाही, याला त्या काळच्या नगरप्रमुखांची धडाडी कारण झाली. १८७२ मध्ये त्यांनी क्योटोत मोठे प्रदर्शन भरविले. त्यासाठी निशी होंगान्जी, केन्निनजी आणि चिओनइन या मंदिरांची आवारे घेतली. त्या वेळच्या तहांप्रमाणे परदेशीयांना ठरावीक बंदरांच्या आसपासच हिंडण्याची मोकळीक असे आणि क्योटो त्यांना बंद होते. या प्रदर्शनासाठी त्यांना मुद्दाम परवाने देण्यात आले. शतकानुशतके ज्या नगरीने गोऱ्या माणसासाठी दार उघडले नव्हते, ती आता त्याची वाट पाहू लागली.

त्या एका वर्षात क्योटोत जे घडले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गिओन भागातील नर्तकींचे नृत्य तोपर्यंत चहागृहांच्या लहान बैठकीत, मोजक्या परिचितांपुढे होत असे. तिसऱ्या इनोउए याचियो या नृत्यगुरूने प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याला समूहनृत्याचे रूप दिले आणि ते रंगमंचावर आणले. तेच 'मियाको ओदोरी', म्हणजे राजधानीचे नृत्य. युद्धाचा आणि साथीचा काळ वगळता ते आजतागायत दर एप्रिलमध्ये होत आले आहे, आणि वसंत ऋतू आला याची क्योटोकरांना खूण पटते ती या नृत्याने. त्याच वर्षी उरासेन्के या चहाच्या घराण्याचे अकरावे प्रमुख गेन्गेन्साई यांनी, खुर्चीवर बसण्याची सवय असलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी, मेजावर चहा करण्याची एक नवी पद्धत बसविली. तिला 'ऱ्यूरेइ' म्हणतात. आणि त्याच वर्षी निशिजिन पेठेतील तीन विणकरांना फ्रान्समधील लियों शहरी तेथले यांत्रिक माग शिकून येण्यासाठी धाडण्यात आले. दोघे माग घेऊन परत आले. तिसऱ्याला परतीच्या वाटेवर जलसमाधी मिळाली.

आज क्योटोची प्राचीन परंपरा म्हणून प्रवाशाला जे दाखविले जाते, त्यातील बराच भाग अशा रीतीने पाहुण्यासाठीच घडला आहे. ऱ्यूरेइ पद्धत तर आता जपानी माणसाच्याच उपयोगी पडते. कारण खुर्चीला सरावलेल्या नव्या पिढीला चटईवर फार वेळ बसवत नाही. परक्यासाठी केलेली सोय घरच्यांनी आपलीशी केली. तिला कोणी कृत्रिम म्हणत नाही. हे का साधले, याचे उत्तर चहाच्या विधीतच सापडते.

चहा क्योटोत आला तोही परदेशातून. एइसाई नावाचा भिक्षू ११९१ मध्ये चीनमधून परतला तेव्हा त्याने झेन पंथाची शिकवण आणली आणि चहाचे बीही आणले. 'झेन' हा शब्द 'ध्यान' या संस्कृत शब्दाचेच, चीनमधून जाऊन बदललेले रूप आहे. १२०२ मध्ये एइसाईने क्योटोत केन्निनजी हे मंदिर स्थापन केले. ध्यानाला बसलेल्या भिक्षूंना झोप येऊ नये म्हणून प्यावयाचे ते पेय हळूहळू सरदारांच्या वाड्यांत पोहोचले. तेथे चिनी भांड्यांचा थाट आणि श्रीमंतीचे प्रदर्शन त्याला चिकटले.

तो थाट उतरविण्याचे श्रेय मुख्यतः सेन नो रिक्यू या आचार्याकडे जाते. त्याचा काळ १५२२ ते १५९१. क्योटोच्या दक्षिणेस यामाझाकी येथे ताइआन नावाची एक चहाची खोली आहे. ती रिक्यूची म्हणून मानली जाते. ती अवघ्या दोन चटयांची आहे. आत जावयाचे दार जेमतेम दोन फूट औरसचौरस असते आणि त्यातून गुडघ्यांवर सरकत, मान लववून आत शिरावे लागते. योद्ध्याने आपली तलवार बाहेर लाकडी आकड्यावर ठेवावी असा नियम होता. सरदार असो वा व्यापारी, त्या दारातून आत येताना सर्वांची उंची सारखीच होई. परदेशी भांड्यांच्या जागी रिक्यूने चोजिरो या कारागिराकडून हाताने घडविलेले काळे आणि तांबूस वाडगे करवून घेतले. त्या राकू घराण्याची परंपरा क्योटोत आजही चालू आहे. हिदेयोशी हा त्या वेळचा सर्वसत्ताधीश. त्याच्याच आज्ञेवरून १५९१ मध्ये रिक्यूला आत्मबलिदान करावे लागले. कारणाविषयी इतिहासकारांत अद्याप एकमत नाही. रिक्यूच्या वंशजांनी मात्र ओमोतेसेन्के, उरासेन्के आणि मुशाकोजिसेन्के या तीन घराण्यांत ही विद्या जतन केली.

या विद्येत पाहुण्याला फार मोठे स्थान आहे, किंबहुना निम्मा विधी त्याच्याकडेच असतो. प्रथम मिठाई खावी, मग चहा घ्यावा. वाडगा उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवावा आणि किंचित वर उचलून कृतज्ञता दाखवावी. यजमानाने वाडग्याची दर्शनी बाजू पाहुण्याकडे केलेली असते; त्या बाजूला ओठ लागू नयेत म्हणून पाहुण्याने वाडगा थोडा फिरवून घ्यावा. पिऊन झाल्यावर कड पुसावी. मग वाडगा जमिनीच्या जवळच धरून, वाकून पाहावा, म्हणजे हातातून निसटला तरी फुटणार नाही. मुख्य पाहुण्याने भांड्यांविषयी, भिंतीवरील लेखाविषयी, फुलांविषयी विचारावे. यजमानाने त्या दिवसासाठी जे जे निवडले असेल ते अशा प्रश्नांनीच उलगडते. पाहुणा अजाण असेल तर उत्तम यजमानाचाही विधी अपुरा राहतो.

या भेटीचे मर्म ज्याने शब्दांत मांडले त्याची कथाही या विषयाला धरूनच आहे. इइ नाओसुके हा एकोणिसाव्या शतकातील शोगुनचा प्रमुख मंत्री. चहाचा तो मोठा जाणकार होता. प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच घडते, तीच माणसे पुन्हा जमली तरी ती भेट पुन्हा येत नाही, म्हणून यजमानाने आणि पाहुण्याने तीत कसूर करू नये, असा विचार त्याने आपल्या चहावरील ग्रंथात विस्ताराने सांगितला. हा विचार मुळात रिक्यूच्या शिष्यवर्गातून आलेला. नाओसुकेने त्याला सूत्ररूप दिले. हाच मनुष्य १८५८ मध्ये अमेरिकेशी तह करून देशाची बंदरे खुली करणारा आहे. त्या धोरणाचे आणि विरोधकांवर केलेल्या कठोर कारवाईचे मोल त्याला १८६० मध्ये एडोच्या किल्ल्याबाहेर मारेकऱ्यांच्या हातून मरण पत्करून द्यावे लागले.

आता प्रवाशाला मिळणाऱ्या चहाकडे पुन्हा पाहावे. पूर्ण समारंभाला सुमारे चार तास लागतात. त्यात निखारे रचणे असते, ऋतूला अनुसरून भोजन असते, एकाच वाडग्यातून सर्वांनी प्यावयाचा दाट चहा असतो, आणि शेवटी पातळ चहा. प्रवाशाच्या वाट्याला यातील शेवटचा भाग तेवढा येतो, तोही पाऊण तासात. जे गळाले ते थोडे नाही. परंतु एका वाटसरूसाठी एका माणसाने पाणी तापविले, वाडगा पुसला, चहा घुसळला आणि तो दोन्ही हातांनी पुढे ठेवला, एवढे त्यात उरतेच. पाहुण्याने त्या पाऊण तासात चित्र टिपण्याचे यंत्र बाजूला ठेवले आणि वाडगा फिरवून घेतला, तर विधीचा गाभा त्याच्या हाती लागतो. त्याने ते केले नाही, तर चार तास बसूनही तो प्रेक्षकच राहतो.

फुलांच्या मांडणीचेही असेच. शहराच्या मध्यभागी रोक्काकुदो नावाचे मंदिर आहे. तेथील तळ्याकाठी राहणारे पुजारी बुद्धाला फुले वाहत, आणि त्या कुटीवरून त्यांच्या घराण्याला इकेनोबो, म्हणजे तळ्याकाठची कुटी, हे नाव पडले. १४६२ सालच्या एका रोजनिशीत, इकेनोबो सेन्केइ याने केलेली फुलांची मांडणी पाहावयास क्योटोचे रसिक लोटले, अशी नोंद आहे. देवापुढील फूल तेव्हाच लोकांपुढे आले होते. तरीही जे हात फुले मांडीत होते ते पूजकाचे होते, आणि म्हणून पाहणाऱ्यांच्या गर्दीने त्या विद्येचे काही बिघडले नाही.

किमोनोची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. निशिजिन ही क्योटोतील विणकरांची पेठ. 'निशिजिन' याचा अर्थ पश्चिमेची छावणी. १४६७ ते १४७७ या काळातील ओनिन युद्धात नगरी भस्मसात झाली; त्यानंतर विणकर परतले ते एका सेनेच्या जुन्या छावणीच्या जागी, म्हणून हे नाव. सोनेरी धाग्याचे, रंगीत सुतांनी चित्र उठविलेले ओबी, म्हणजे किमोनोवर कमरेला गुंडाळावयाचे रुंद पट्टे, ही त्या पेठेची ख्याती. जपानी माणसाने रोजच्या वापरातून किमोनो सोडला तसे तेथील बहुसंख्य माग थांबले. रस्त्यांवर किमोनो घातलेल्या प्रवाशांची रीघ पाहून विणकराला बरे दिवस आले असे वाटेल. परंतु भाड्याचा किमोनो पुष्कळदा कृत्रिम धाग्याचा आणि यंत्राने छापलेला असतो. प्रवाशाचा पैसा परंपरेच्या वेशाला मिळतो, परंपरेच्या हाताला मिळत नाही. डावी बाजू उजवीवर घ्यावी, कारण उलट नेसविणे केवळ मृताच्या बाबतीत होते, एवढे दुकानातील बाई सांगते. तो ओबी विणण्याला किती दिवस लागतात हे विचारणारा पाहुणा तिला क्वचितच भेटतो. येथे पहिल्या पक्षाचा आक्षेप खरा ठरतो.

आणि या प्रश्नाची तीव्र बाजू दिसते ती गिओनमध्ये. हे नाव ऐकताना भारतीय मनुष्याने थोडे थांबावे. श्रावस्तीचे जेतवन, जेथे बुद्धाने अनेक वर्षावास केले, त्या विहाराचे जपानी नाव 'गिओन'. त्या विहाराची रक्षक मानलेली देवता येथील मंदिरात पुजली जाई. त्यावरून मंदिराला, मंदिरावरून पेठेला आणि पेठेवरून उत्सवाला हे नाव मिळाले. ८६९ मध्ये रोगाची साथ हटावी म्हणून सुरू झालेला हा उत्सव दर जुलैत भरतो. त्यातील उंच रथांवर जी वस्त्रे लावतात त्यांत युरोपातील चित्रपट आहेत; आणि दख्खनमध्ये विणले गेले असे जाणकार मानतात असे सतराव्या-अठराव्या शतकांतील गालिचेही आहेत. डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ते जपानला पोहोचले. क्योटोच्या व्यापाऱ्यांनी त्यांना कोठारात न ठेवता देवाच्या रथावर चढविले आणि पिढ्यानुपिढ्या सांभाळले. दख्खनच्या विणकराचे नाव आज कोणाला ठाऊक नाही, पण त्याचे काम एका दूरच्या नगरीत घरचे होऊन राहिले आहे.

अशा आतिथ्यशील पेठेत एक जुना नियम असा की, प्रथमच येणाऱ्या अनोळखी गिऱ्हाइकाला चहागृहात प्रवेश नाही. यात तुसडेपणा कमी आणि व्यवस्था अधिक आहे. तेथे रोख पैसे देण्याची चाल नव्हती; हिशेब मागाहून पाठविला जाई, आणि ज्याने नव्या पाहुण्याला आणले तोच त्याच्या वर्तनाचा आणि देण्याचा जामीन असे. पाहुण्याची आवडनिवड माहीत नसता त्याचे आतिथ्य करावे कसे, हाही विचार त्यात होता. बाहेरच्या माणसासाठी दुसरी सोय असावी म्हणून १९६२ मध्ये 'गिओन कॉर्नर' हे रंगगृह निघाले. नृत्य, चहा, फुलांची मांडणी, कोतोवादन, दरबारी संगीत, क्योगेन प्रहसन आणि बाहुल्यांचा खेळ यांची तासाभरात तोंडओळख करून देण्याची त्याची योजना होती.

परंतु पाहुण्यांची संख्या त्या काळच्या कल्पनेपलीकडे गेली. २०२४ मध्ये जपानला सुमारे ३ कोटी ६९ लाख परदेशी प्रवासी आले. १४ लाखांहून थोड्या अधिक वस्तीच्या क्योटोवर त्याचा मोठा भार पडला. नृत्य शिकणाऱ्या माइको मुली सायंकाळी कामाला निघाल्या की त्यांना वाटेत अडवावे, त्यांच्या बाह्या ओढाव्यात, खाजगी अंगणात शिरून छायाचित्रे घ्यावीत, असे प्रकार वाढले. २०१९ मध्ये गिओनच्या रहिवाशांनी खाजगी गल्ल्यांत छायाचित्रे घेण्यास मनाई केली. तेवढ्याने भागेना, तेव्हा २०२४ मध्ये अशा गल्ल्यांत प्रवाशांनी शिरूच नये, शिरल्यास दहा हजार येन दंड, अशा पाट्या लागल्या. ज्या नगरीने १८७२ मध्ये परवाने देऊन परक्यांना बोलाविले, तिच्यावर दीडशे वर्षांनी गल्ल्या बंद करण्याची पाळी आली. त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुली गुरुगृही राहून विद्या शिकत असतात. रस्त्यावर चालताना त्या कोणाचा खेळ नसतात. त्यांना भय वाटू लागले आणि नव्या मुली या विद्येकडे वळेनाशा झाल्या, तर कोणत्याही रंगगृहाला ती हानी भरून काढता येणार नाही.

म्हणून दार किती उघडावे, यापेक्षा दारातून आत येणारा पाहुणा कोणत्या वृत्तीने येतो, याला महत्त्व आहे. याचे एक उदाहरण क्योटोनेच दिले आहे. उरासेन्के घराण्याचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सु यांचा जन्म १९२३ चा. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थिदशेतच त्यांना नौदलाच्या वैमानिक दलात जावे लागले, आणि शत्रूच्या जहाजांवर विमानासह कोसळावयाचे ज्यांच्या नशिबी होते त्या तुकडीत त्यांची नेमणूक झाली. प्रवासी पेटीतील साहित्याने ते सोबत्यांना चहा करून देत. त्यातील अनेक परत आले नाहीत. त्यांची स्वतःची पाळी येण्यापूर्वी युद्ध संपले. घरी परतल्यावर त्यांना दिसले की, कालपर्यंत शत्रू असलेले अमेरिकन अधिकारी वडिलांच्या चहागृहात गुडघे मोडून बसले आहेत, आणि वडील त्यांना चहाचे नियम शिकवीत आहेत. जिंकलेल्यांनी त्या खोलीत हरलेल्यांपुढे मान लवविली होती. चहाच्या एका वाडग्यातून शांती साधता येईल ही श्रद्धा त्यांनी आयुष्यभर बाळगली. १९५१ पासून ते परदेशांत जाऊन ही विद्या शिकवू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. परदेशी विद्यार्थ्यांना क्योटोत राहून चहाचे शिक्षण घेता यावे अशी व्यवस्था या घराण्याने केली आहे, आणि एके काळी पाऊण तासाचे पाहुणे असलेले कित्येकजण आज आपापल्या देशांत यजमान होऊन बसले आहेत.

सर्वांनी एवढे करावे अशी कोणाची अपेक्षा नाही. दोन दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाने दाराशी पादत्राणे काढावीत, सांगितलेल्या जागी बसावे, विचारल्याशिवाय कोणाचे चित्र घेऊ नये, आणि पुढे आलेल्या वाडग्याविषयी एखादा तरी प्रश्न विचारावा, एवढे पुरे आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी क्योटोतील यजमानाने कदाचित वीस वर्षे अभ्यास केलेला असतो, आणि तो प्रश्न आला म्हणजे त्याला ती वीस वर्षे सार्थकी लागल्यासारखी वाटतात.